फिटरच्या आईची कवळी

आधी त्या घरातल्या एका शब्दाची हकीकत सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. शब्द साधा, इंग्रजी, आणि आता आपल्यातलाच होऊन बसलेला: फिट. इतर घरांत जमिनीवरून भांडतात, दागिन्यांवरून भांडतात. या घरात या शब्दावरून भांडायचे. याचा खरा अर्थ फक्त मलाच कळतो, असं घरातल्या प्रत्येकाचं म्हणणं.

सुरुवात केली वडिलांनी. ते पाणीपुरवठ्यात फिटर होते. पाइपाला पाइप जोडायचा, आट्यांवर धागा गुंडाळायचा, पाना फिरवायचा, मग पाणी सोडून जोडाखालून बोट फिरवायचं. बोट कोरडं राहिलं तर फिट, ओलं झालं तर सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू होत्या, गळणाऱ्या आणि न गळणाऱ्या. माणसांचीही ते साधारण अशीच विभागणी करत. शेजारचे एक गृहस्थ गुपित राखत नसत, त्यांना वडील तोंडावर ‘ढिला जोड’ म्हणायचे.

थोरली मुलगी शिवणकामात पडली. तिच्या दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरांत ‘फिटिंग करून मिळेल’ असं लिहिलेलं. ती म्हणायची, “बाबा, तुमचं ते फिट म्हणजे आवळणं. कपड्याला तसं चालत नाही. पोटभर श्वास घेता आला पाहिजे आणि तरी पोट दिसता कामा नये, ते खरं फिटिंग.” तिचा नवरा तरुणपणी सैन्यात भरती व्हायला गेला होता. तळपाय सपाट निघाले म्हणून त्याच्या कागदावर ‘अनफिट’ असा शिक्का बसला. दुसरा कुणी असता तर लाजला असता. याने त्या शिक्क्याचं पदक केलं. सामान उचलायची वेळ आली, पंखा पुसायची वेळ आली, की हा खुर्चीत आणखी खोल सरकायचा आणि म्हणायचा, “आम्ही काय बुवा, सरकारमान्य अनफिट.”

धाकट्या मुलाची बायको सकाळी एका सभागृहात बायकांचा व्यायामाचा वर्ग घ्यायची. तिची व्याख्या तिच्या वर्गात फार लोकप्रिय होती. जिना चढून वर गेल्यावर शेजारणीच्या चहाड्या सांगायला दम शिल्लक राहिला, की समजायचं बाई फिट आहे.

राहिला धाकटा मुलगा. आपली गोष्ट त्याची आहे. तो कवळ्या बनवायचा. लोक आधी त्याला ‘फिटरचा मुलगा’ म्हणत. वडील गेले तसा ‘मुलगा’ हा शब्द कधीतरी गळून पडला आणि तोच ‘फिटर’ झाला. गल्लीत नवीन राहायला आलेले लोक नळ गळायला लागला की त्याला हाक मारायचे. तो बिचारा जायचाही, पाना घेऊन. बाबांनी शिकवलेलं होतं, नळ दुरुस्त व्हायचा, आणि निघताना तो सांगायचा, “तसा मी दातांचा फिटर आहे.” समोरचा माणूस हसायचा. तेवढ्यात याची नजर त्याच्या दातांवरून फिरून यायची.

त्याची खोली दातांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला होती. पुढे डॉक्टरीणबाई रुग्ण तपासायच्या, माप घ्यायच्या, आणि ते माप पातळ लाकडी भिंतीच्या खिडकीतून याच्याकडे सरकवायच्या. हा त्यात प्लास्टर ओतायचा. साचा सुटला की त्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, बिजागरीच्या यंत्रात वरचा-खालचा जबडा लावून चावून बघायचं, मग मेण वितळवून त्या जागी गुलाबी ॲक्रिलिक. शेवटी पॉलिश. खोलीभर मेणाचा वास, आणि फळ्यांवर ओळीने पांढरे जबडे, प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा.

रुग्णाचं तोंड त्याच्या नजरेला कधी पडतच नसे. तरी तो या प्लास्टरच्या लोकांना नावानिशी ओळखावं तसा ओळखायचा. हा झोपेत दात खाणारा. ही एकाच बाजूने चावते, दुसरी बाजू रुसलेली. याने आयुष्यभर दातांत सुया धरल्या, हा नक्की चांभार नाहीतर शिंपी. कधी रस्त्यात एखादा म्हातारा खदखदून हसायचा आणि फिटर जागच्या जागी थांबायचा. अरे, हे तर आपलं काम! बोलायचा मात्र काही नाही. कुणी काय दातांची ओळख चारचौघांत काढतं? घरी येऊन बायकोला सांगायचा, “आज आपले खालचे सहा दात पेरू खाताना भेटले.”

शब्दाचा त्याने लावलेला अर्थ सगळ्यात मऊ होता. तो म्हणायचा, “फिट म्हणजे विसर. दिवसभरात ज्याला एकदाही आठवलं नाही की आपल्या तोंडात परकी वस्तू आहे, त्याची कवळी फिट.” गावात त्याचं नाव होतं. लांबलांबचे दातांचे डॉक्टर त्याच्याकडे कामं पाठवायचे.

आणि त्याची स्वतःची आई बोळक्या तोंडाने घरात बसून होती.

आता ही आई कोण, ते ऐका. बसस्थानकावर लाउडस्पीकरवरून गाड्या सांगणारी बाई. सारी नोकरी तिने त्या काचेच्या खोलीत केली. “लक्ष द्या. फलाट क्रमांक तीनवर उभी असलेली गाडी थोड्याच वेळात सुटत आहे.” एवढंच वाक्य, पण ते ऐकून फलाटाच्या टोकाला झोपलेला माणूस उठून बरोबर आपल्या गाडीत बसायचा. ‘गाडी’ म्हणजे गाडी आणि ‘फलाट’ म्हणजे फलाट. अक्षर खाल्लेलं तिला खपायचं नाही. घरातही तोच थाट. “लक्ष द्या, आमटी गार होत आहे,” अशी घोषणा झाली की चौघं चार खोल्यांतून धावत यायचे. बोलणं हाच तिचा रोजगार होता आणि तीच तिची हौस. फोनवर बोलायला लागली की कानाला घामच यायचा म्हणे, म्हणून ती मध्येच कान बदलायची.

आणि दात! दातांचा तिला भारी अभिमान. तेच एकेक करून हलायला लागले, आणि शेवटचे राहिलेले डॉक्टरीणबाईंनी काढून टाकले. घरी सगळे म्हणाले, चिंता कसली, घरचाच कारागीर आहे. फिटरने तर कामाला हात लावण्याआधीच आईला सांगून टाकलं, “बघच तू. अशी कवळी देतो की आरशाला खरं वाटेल.”

पहिली कवळी झाली. आईने तोंडात घातली, आरशात पाहिलं, काढून वाटीत ठेवली. म्हणाली, “बसत नाही.” होतं असं, पहिल्यांदा होतं. त्याने दुसरी केली. “बसत नाही.” तिसरी करताना त्याने चार दिवस दुसरं काम घेतलं नाही. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा माप घेतलं, हा स्वतः शेजारी उभा राहिला, आईचा खांदा धरून, “थोडं अजून उघड, आई, थोडं अजून,” करत. तीही बसेना. चौथीला आईने हातसुद्धा लावला नाही पुरता. ओठांपर्यंत नेली आणि खाली ठेवली.

तुम्ही म्हणाल, एवढं काय, राहिली एखादी म्हातारी कवळीशिवाय. पण तिचं जेवण चहात बुडवलेल्या बिस्किटांवर आणि केळ्यांवर आलं होतं. ताईने तिचे कपडे आत घेतले, पुन्हा घेतले, आणि तिसऱ्यांदा घेताना मशीनवर डोकं टेकून रडली. त्याहून वाईट म्हणजे आई गप्प झाली. दातांशिवाय शब्द सांडायला लागले, ‘स’चा नुसता वारा व्हायचा, आणि अक्षर खाल्लेलं तिला खपत नसे, मग तिने बोलणंच टाकलं. स्थानकावरच्या जुन्या मैत्रिणींचा फोन आला की हाताने खूण करायची, झोपलेय म्हणून सांग. फिटर घरात आला की तिचा हात तोंडावर जायचा. त्याच्यासमोर ती जेवायचीसुद्धा नाही. आधीच जेवले, म्हणायची.

गल्ली काय, गल्लीला विषय मिळाला. कोपऱ्यावरचा सायकलवाला एकदा म्हणालाच, “काय फिटर, सगळ्या गावाला दात वाटले आणि घरात दुष्काळ?” फिटर हसला, पण त्या रात्री तो जेवला नाही. त्याच्या विनवण्यांना सुमार नव्हता. आईपुढे त्याने दाताच्या कण्या केल्या. ती मान हलवायची आणि भिंतीकडे तोंड करून पडायची. आपल्या हातात काही कसब नाही, लोक भिडेखातर चांगलं म्हणतात, असं त्याच्या मनाने घेतलं. पाचवी कवळी करायची हिंमत त्याच्यात उरली नव्हती, आणि आई तर डोळ्यांदेखत वाळत चालली होती.

एका रविवारी ताई आणि तिचा अनफिट नवरा आले होते. आई आतल्या खोलीत. फिटरने चारही कवळ्या टेबलावर मांडल्या आणि म्हणाला, “बघा बाबांनो, तुम्हीच बघा. कुठे चूक आहे? साच्यावर घातली तर केसाएवढी फट नाही. साच्यावर बसते आणि तोंडात बसत नाही, हा काय प्रकार आहे?”

ताईच्या नवऱ्याने एक कवळी उचलून उजेडात धरली, जणू त्याला कळणारच होतं. “साच्यात खोट असेल,” तो म्हणाला. फिटर भडकला. “माझ्या साच्यात?”

“ओरडू नकोस रे,” ताई म्हणाली. “ते बरोबर बोलतायत. आज पहिल्यांदा, पण बोलतायत.” तिने सुईतला दोरा दाताने तोडला, लगेच आतल्या खोलीकडे पाहिलं आणि ओशाळली. मग आवाज खाली आणून म्हणाली, “माझ्याकडे बायका माप द्यायला येतात ना, टेप कमरेला लागला की पोट आत. प्रत्येक बाई. मग मी त्या मापाचा ड्रेस शिवला की तो त्या बाईला बसत नाही, ती श्वास रोखून उभी असते तेव्हाच्या बाईला बसतो. आता मी काय करते, आधी गप्पा काढते. सासूचा विषय काढते. बाई बोलायला लागली की हळूच टेप टाकते.”

“मग?”

“मग काय मग? माप घेताना आई कशी बसली होती?”

फिटरला आठवलं. खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरलेले, डोळे मिटलेले, गाल ताठ. तो म्हणाला, “जरा अवघडली होती. पण मी होतो ना शेजारी. खांदा धरून होतो मी.”

बायको इतका वेळ ओट्याशी उभी होती. ती म्हणाली, “अहो, तेच तर. तुम्ही होतात.”

“म्हणजे? आई आहे ती माझी!”

“म्हणूनच,” ताई म्हणाली. “मला म्हणाली होती ती, दात काढले त्या दिवशी. त्याने मला असं बघू नये, म्हणाली. तुला सांगू नको म्हणाली होती. आज सांगितलं. बस आता.”

 फिटरने चारही कवळ्या एकेक करून डबीत भरल्या. ज्या बाईने आपलं सगळं काढलं, नाक पुसलं, उलट्या झेलल्या, तिला आपल्यापुढे तोंड उघडायची लाज वाटावी, हे त्याला फार लागलं. आणि आपण ‘थोडं अजून उघड’ म्हणत तिचा खांदा दाबत होतो, हे त्याहून लागलं. त्याचे डोळे भरून आले तसे ताईचा नवरा उठला, स्वतःहून, आणि सगळ्यांसाठी चहा करायला गेला. लग्नाला इतकी वर्षं झाली, ताईने हे पहिल्यांदा पाहिलं.

सोमवारी फिटरने डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “असं असेल तर गप्प तोंडाचं माप घ्यायचंच नाही. बोलत्या तोंडाचं घेऊ. चौथी कवळी आहे ना? तिच्यात आतून एक मऊ लेप लावते मी. तो हळूहळू घट्ट होत जातो. तेवढ्या वेळात तुमच्या आई बोलतील, पाणी पितील, हसतील, भांडतील. जीभ आणि गाल जिथे जातात तिथे लेप दबेल, जिथे जात नाहीत तिथे उरेल. मग तुम्ही त्यावरून नवीन करा. फक्त एक आहे. त्या वेळी तुम्ही समोर यायचं नाही.”

बुधवारी सून सासूला घेऊन आली. कसं राजी केलं ते तिचं तिलाच ठाऊक. वर्गातल्या लठ्ठ बायकांना उठाबशा काढायला लावणारी बाई ती, सासूला उठवणं काय अवघड! फिटर पातळ भिंतीमागे आपल्या स्टुलावर. दार लावलेलं. पलीकडे डॉक्टरीणबाईंचा आवाज, “हं, झालं. आता बाहेर जाऊन बसा आणि भरपूर बोला बरं का सूनबाईंशी. गप्प राहिलात तर लेप फुकट जाईल.”

बाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. फिटरने भिंतीला कान लावला. सूनबाई बोलत होती. हवेबद्दल बोलली, वर्गाबद्दल बोलली, समोरच्या घरातल्या भांडणाबद्दल तर तिने कमालीचं रंगवून सांगितलं. आईकडून एक हुंकार नाही. लेप घट्ट होत चालला असणार. फिटरने हातातलं मेण इतकं मळलं की त्याचं पाणी व्हायचं बाकी राहिलं. झालं, पाचवीही गेली, तो मनात म्हणाला.

त्या दिवशी दवाखान्यात नंबर पुकारायला नवीन मुलगी होती. गोड मुलगी, पण आवाज असा की शेजारच्या खुर्चीलाही कळू नये. लोकांना आत सोडायला प्लास्टिकचे बिल्ले होते. सुरुवातीचे बिल्ले लोक खिशातून घरी घेऊन गेले होते, त्यामुळे दिवसाची सुरुवातच साठाच्या पुढून व्हायची. ती मुलगी दाराआडून काहीतरी पुटपुटायची, कुणालाच ऐकू जायचं नाही, आणि जो उठेल तो आत शिरायचा. खिडकीजवळ एक कमी ऐकू येणारे आजोबा होते. त्यांचा नंबर कधीचाच होऊन गेला होता आणि ते बिल्ला धरून शांत बसून होते. गाल सुजलेली एक बाई दोनदा उठून दोनदा परत बसली. दोन पुरुषांत तर जुंपलीच. आधी मी, नाही आधी मी, तुम्ही आत्ता आलात, डोळे आहेत का तुम्हाला. मुलगी रडकुंडीला आली आणि आणखीच हळू बोलायला लागली.

आधी सुनेने पाहिलं. सासूची मान ताठ झाली. मग पाय हलायला लागला. मग तिने तोंडावरचा हात काढला आणि उठून उभी राहिली.

“लक्ष द्या!”

भिंतीमागे फिटरच्या हातातलं मेण खाली पडलं.

“भांडण आधी थांबवा. दोघेही खाली बसा. बसा म्हणते ना! ए मुली, इकडे ये, कुणाकडे कोणता बिल्ला आहे ते बघू दे मला.” बिल्ले खडखडले. मग पुन्हा, “लक्ष द्या. क्रमांक त्रेसष्ट. त्रेसष्ट क्रमांकाच्या गृहस्थांनी आतल्या खोलीकडे यावे. खिडकीजवळचे आजोबा, तुम्हीच ते. हो, तुम्हीच. सावकाश या, गाडी सुटत नाही. चौसष्ट क्रमांकाच्या बाईंनी तयार राहावे. पासष्ट, सहासष्ट, तुम्ही मघाशी भांडत होता, तुमचे नंबर एकापाठोपाठ एक आहेत, भांडायचं कारणच नव्हतं. दारात कुणीही उभे राहू नये. सदुसष्ट क्रमांक कुणाचा? हात वर करा. चपला वाटेत काढू नयेत. अडुसष्ट!”

आता कवळीवाल्यांची एक रीत आहे. कवळी बोलण्यात बरी आहे का हे बघायचं तर माणसाला साठपासून सत्तरपर्यंत मोजायला लावतात, कारण त्या आकड्यांत ‘स’ आणि ‘ष’ खच्चून भरलेत. दात चुकीचे असले की तिथे शीळ वाजते. फिटरने आजवर हे आकडे कितीदा ऐकले असतील. पहिल्या त्रेसष्टला थोडी शीळ होती. चौसष्टला अर्धी. सदुसष्ट आलं तोवर जीभ आणि गालांनी लेप आपल्या सोयीने ढकलून जागा केली होती, आणि अडुसष्ट तर असं खणखणीत आलं, की स्थानकाच्या टोकाला झोपलेला माणूस उठून बसला असता. फिटर स्टुलावर बसून रडत होता आणि हसत होता. नाक पुसायला हातात फडकं घेतलं ते प्लास्टरचं निघालं, तोंड पांढरंफटक झालं, तरी त्याला भान नव्हतं.

डॉक्टरीणबाई दाराशी येऊन बघत उभ्या होत्या. आईने सगळी रांग लावली, मुलीला “पोटातून बोल, घशातून नको,” असं शिकवलं, आणि मग तिला एकदम आठवलं की आपल्या तोंडात काय आहे. हात पुन्हा तोंडावर गेला. पण लेप घट्ट झाला होता.

ते माप खिडकीतून आत आलं तेव्हा फिटरने आधी हात धुतले. त्यातून निघालेला साचा त्याच्या चार साच्यांसारखा नव्हताच. खालची कड एका बाजूला उतरलेली, जिभेकडची बाजू भलतीच खोलगट. इतकी खोलगट जागा त्याने कधी कुणाला दिली नव्हती, पण ही जीभही काही साधी नव्हती. तिला वावरायला एवढी जागा लागत होती आणि तो तिला कोंडून घालत होता. त्याने ठरवून काम केलं, घाई केली नाही. दातही थोडे बदलले. आधी त्याने तिला चाळिशीतल्या बाईचे दात दिले होते, आता तिच्या वयाचे दिले.

कवळी सुनेच्या हाती घरी गेली. फिटर आपणहून उशिरा परतला. त्याने काही विचारलं नाही. बायको त्याला रोजची बातमी द्यायची. आज पूर्ण टोस्ट खाल्ला. आज सफरचंदाच्या फोडी खाल्ल्या, मिठाबरोबर. आज मैत्रिणीला आपणहून फोन लावला आणि दोनदा कान बदलला. आज सायकलवाल्याला खिडकीतून असं झापलं की तो सायकल आत घेऊन बसलाय. बायको सांगायची, फिटर ऐकायचा, आणि मग आतल्या खोलीत डोकावायचा. आई त्याला बघून तोंड मिटायची, मान डोलवायची, जेवलास का म्हणून हातानेच विचारायची. साऱ्या जगाशी बोलत होती, फक्त त्याच्याशी नाही. त्याने मनाची समजूत घातली. खातेय ना? बोलतेय ना? आपल्याशी नसेना का. एवढं मिळालं तेच खूप झालं. पण समजूत पटायची नाही.

पुढे एका शनिवारी संध्याकाळी तो बूट काढत होता तेवढ्यात आतून हाक आली. “अरे, इकडे ये जरा.”

तो गेला. आई पलंगाच्या कडेला बसली होती, खिडकीच्या उजेडाकडे तोंड करून. मांडीवर रुमाल पसरलेला. ती म्हणाली, “खालच्या बाजूला टोचतंय. डावीकडे. दोन दिवस झाले.”

“मी डॉक्टरीणबाईंना सांगतो. सोमवारी त्या बघतील.”

“त्यांनी बघायला तू काय मेलास?” आई म्हणाली.  दोन्ही हातांनी तिने कवळी काढली, वरची, खालची, आणि रुमालावर ठेवली. गाल आत गेले, ओठ आत गेले, हनुवटी वर आली. हात तोंडाकडे निघाला होता, तो तिने मध्येच थांबवला आणि मांडीवर दाबून धरला. आणि तोंड उघडलं.

फिटरने हात धुतले. परत आला, गुडघ्यांवर बसला. तिच्या हनुवटीला बोट लावलं. खाली डावीकडे, हिरडीच्या कडेला, एक लाल ठिपका होता, मसुराच्या दाण्याएवढा. तेवढंच. बाकी सगळं गुलाबी, मऊ, निरोगी. तो बघतच राहिला. त्याने कवळी उचलली, ती कड बोटाने शोधली, पिशवीतली बारीक कानस काढली. दोनदा घासायला गेला आणि दोनदा थांबला.

आईने कवळीशिवायच विचारलं, शब्द सांडत, ‘स’चा वारा होत, तरी विचारलं. “हात का रे थरथरतोय? लोकांच्या तोंडात बघताना असाच थरथरतो का?”

“लोकांच्या तोंडात मी कधी बघितलंच नाही, आई,” फिटर म्हणाला. “मला सगळे प्लास्टरचे मिळतात. खरं तोंड तुझं पहिलंच.”

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग त्याच्या हातातली कानस तिने बाजूला ठेवली, त्याचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरून उजेडाकडे ओढला.

“मग नीट बघून घे,” ती म्हणाली, आणि तिने तोंड मोठं उघडलं.